तांदूळ धुताना बोला

लहान मुलांना बोलतं करायचं माझं काम. मुलं बोलेपर्यंत मोठ्यांचंच इतकं ऐकते, की किस्से फोनमधल्या फोटोंसारखे साठलेत. डिलीट करायचंही त्राण नाही. त्यातले हे मुरबाडकडच्या एकाच घरातले.

पिहू तीन वर्षांची, आणि तोंडातून एक शब्द नाही. कान तपासले, नॉर्मल. शेजारणी 'मुकी' म्हणायला लागलेल्या. तिची आई वैशाली दर बुधवारी मला एकच विचारायची, "ताई, बोलंल ना ती?"

*

पहिल्याच बुधवारी सांगितलं, वेगळा अभ्यास नको. तांदूळ धुताना, भांडी घासताना तिच्याशी बोला.

आजी सुपातून मान वर न करता म्हणाली, "काम हातानी करायचा का तोंडानी? येकदा ठरव."

*

पुढच्या वेळी वैशाली पिहूला समोर बसवून, "हे पातेले आहे. पातेले गोल आहे."

म्हटलं, अगं, घरात बोलता तसं बोल.

"तसाच? मंग शिव्या चालतील?"

*

मग सांगितलं, तिने बोट दाखवलं की लगेच वस्तू देऊ नका. थोडं थांबा, मागू दे तिला.

आजोबा भाकरीचा तुकडा धरून थांबले. पिहू बघतेय, आजोबा बघतायत. कोंबडी आली आणि तुकडा घेऊन गेली.

आजोबा म्हणाले, "तिनी पन मागितला नाय, ताई."

*

एका बुधवारी एसटी चुकली, दीड तास उन्हात. पोचले तेव्हा माझ्याच तोंडून शब्द फुटेना. फॉर्मवर 'प्रगती'समोर परत रेघ मारली. वैशालीने ती बघितली. "माजाच कायतरी चुकत असंल," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. दोष तिने आपल्या कपाळी घेतला, पण लाज मला वाटली.

*

आणि परवा. दारातच थांबले, कारण आत आजी सुरू होती. "आता तांदूल घेतला. आता पानी वतला. आता चोलला..." वैशाली हळूच म्हणाली, "आठ दिस झाला, रोज सकालपासून हाच चालू हाय."

पिहूने ओला हात आजीच्या तोंडावर ठेवला.

"गप."

वैशालीच्या हातातला तांब्या खाली पडला. आजी मात्र खरंच गप झाली. चहा झाला, भांडी झाली, माझ्या एसटीची वेळ झाली, तरी आजी एक अक्षर बोलेना.

निघताना वळून बघते, तर पिहू आजीच्या पदराला लोंबकळतेय. "बोल. आजी, बोल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजीने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.