सदरमधलं पापलेट

नवऱ्याची बदली नागपूरजवळच्या मौद्याच्या वीज प्रकल्पात झाली आणि रत्नागिरीतलं आमचं बिऱ्हाड हललं. मी मूळची नागपूरचीच, महाल भागातली. वडील कोष्टी. घरचा माग मी शाळेत असतानाच बंद पडला आणि ते कापडाच्या दुकानात गाठी उलगडायच्या कामाला लागले. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. पुढे समुद्राच्याच विषयात शिकले, किनाऱ्यावरच नोकरी धरली आणि घरी परत यायचं राहूनच गेलं. आता परत आले होते, पण ज्याच्यासाठी गेले ते सगळं मागे सोडून.

किनाऱ्यावर माझं काम समजावण्याचं होतं. ट्रॉलरवाल्यांना सांगायचं, जाळ्याची भोकं मोठी ठेवा, पिल्लं निसटू द्या. कुणी ऐकायचं, कुणी बोटीवरून उतरायला सांगायचं. ओरडा खाल्ला तरी दिवस जायचा. इथे नागपुरात, सदरमधल्या फ्लॅटमध्ये दिवस जात नव्हता. नवरा सकाळी मौद्याच्या बसमध्ये बसला की मी खिडक्या पुसायचे, मग भांडी, मग पुन्हा खिडक्या. शेवटी स्कूटी काढून उगाच कुठेतरी निघायचे.

नोकरी अजून सुटली नव्हती; आमच्या संस्थेच्या मुंबईच्या ऑफिसमधून साहेबांचा फोन आला. त्यांना वाटत होतं की मी नागपूरला आल्यातून काहीतरी निघू शकतं. "समुद्रापासून लांबच्या शहरांत कुणी काम करत नाही. तिथल्या हॉटेलांना तयार करा. लहान पापलेट घेऊ नका, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात मागवू नका, बांगडा वाढवा. एक तरी हॉटेल दाखवता आलं पाहिजे."

मी त्याच दुपारी निघाले. नागपुरात मासळी म्हणजे रोहू, कटला. समुद्राची मासळी येते ती थर्माकोलच्या पेट्यांत, बर्फात दाबून, आणि जाते मोठ्या हॉटेलांत. मी पेट्यांचा माग काढत हॉटेलं धुंडाळली. बहुतेकांनी चहा पाजून वाटेला लावलं. बाबांना हे कळलं तेव्हा ते हसले.

"इथं कुठं समुद्र हाय वं? काहून फिरून राहिली उन्हात?"

"मासे इथवर येतात ना, बाबा."

"येतात त येऊ दे. आपल्याले तळ्यातली मासोळी बरी."

सदरच्याच एका हॉटेलचा मालक मात्र ऐकून घेणारा निघाला. चाळिशीचा, बोलका. मी फोटो दाखवले. एकदाही अंडी न घातलेलं पापलेट केवढं असतं आणि वाढलेलं केवढं, ते. तो फोटो पाहत राहिला. म्हणाला, "मॅडम, हे तर आम्ही रोजच मागवतो. मले माहीतच नव्हतं." त्याने पुरवठादाराला माझ्यासमोर फोन लावला आणि लहान माल पाठवू नको म्हणून सांगितलं. आम्ही दारावर निळी पाटी लावली: इथे समुद्र जपून मासळी वाढली जाते. साहेबांना फोटो पाठवला, तर त्यांनी तो सगळ्यांना पाठवला. कितीतरी दिवसांनी मला सलग झोप लागली.

बाबांचा वाढदिवस आला तेव्हा त्यांनीच हट्ट धरला. "तुया पाटीवाल्या हॉटेलात चाल. मी सगळ्याइले सांगून ठेवलं, माया पोरीनं लावली म्हणून."

बाबांनी पाटीखाली उभं राहून नवऱ्याला फोटो काढायला लावला. आत गर्दी होती. मालक दिसला नाही. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. वेटरने त्यांच्यापुढे ताटल्या ठेवल्या आणि माझं लक्ष तिकडे गेलं. अख्खं तळलेलं पापलेट. शेपटीसकट माझ्या तळहातात मावलं असतं. एकेका माणसाला एकेक.

मी उठले.

"बस ना वं," बाबा म्हणाले. "काहून उठून राहिली? आता त आलो."

"एक मिनिट, बाबा."

नवऱ्याने माझ्या हाताला हात लावला, पण धरला नाही. तो ओळखून होता. मी स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले आणि आचाऱ्याला विचारलं, हा माल कधीपासून येतो. त्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं. त्याने सहज सांगितलं, "हाच येते ना, ताई. मध्ये दोनेक महिने मोठा आला होता, मग बंद झाला." तो पुन्हा तव्याकडे वळला.

मी परत येऊन बसले. काय मागवलं, काय खाल्लं, आठवत नाही. बाबा सारखे माझ्याकडे पाहत होते आणि रस्सा किती छान आहे ते सांगत होते. बाहेर पडताना त्यांनी पाटीकडे बघितलं नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "तुले फसवलं का गा त्यानं?" मुलाशी बोलावं तसं ते मला कधीकधी 'गा' म्हणत, फार माया दाटून आली की.

दुसऱ्या दिवशी हॉटेल उघडायच्या आधीच मी तिथे होते. मालकाने टाळाटाळ केली नाही, ते मला अजूनही बरं वाटतं.

"दोन महिने ठेवलं ना मॅडम तुमचं. मोठं पापलेट आणलं, कापून तुकडे वाढले. गिऱ्हाईक म्हणते, तुकडा नको, अख्खं पाहिजे. ताटलीत मावणारं अख्खं म्हणजे लहानच असते. मी काय करू, सांगा ना."

"मग मला सांगायचं होतं."

"तुम्ही इतक्या खुश होत्या."

पाटी उतरवा म्हटलं, तर तो अवघडला. पाटीमुळे कॉलेजची मुलं यायला लागली होती, फोटो काढत होती. मी साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात पैसे देणारे लोक नागपूरला येताहेत. तोवर राहू द्या. नंतर बघू."

"तोवर तिथे पिल्लंच तळली जाणार."

"आपण एका हॉटेलावर नाही ना थांबलोय? मोठं चित्र बघा."

मला मोठं चित्र दिसत नव्हतं. दिसत होती ती ताटली. फोन ठेवला आणि मालकाकडे स्क्रू काढायला काहीतरी मागितलं. त्याने पान्हा आणि पेचकस आणून दिले, एवढंच नाही, तर मी स्टुलावर चढले तेव्हा स्टूल धरूनही उभा राहिला. पाटी स्कूटीच्या पुढे उभी ठेवून मी घरी आणली. वाटेत सिग्नलवर लोक वाचत होते.

त्या आठवड्यात ऑफिसने नागपूरचं काम बंद केलं. मला महिन्यातून काही दिवस किनाऱ्यावर येऊन जुनंच काम करायला सांगितलं. मी हो म्हटलं. रत्नागिरीत असले की वाटायचं नागपुरात काहीतरी अर्धवट राहिलंय, आणि नागपुरात आले की कान लाटेसाठी टवकारलेले. नवरा म्हणाला, "तू कुठेही असलीस तरी दुसरीकडेच असतेस." त्यात तक्रार नव्हती. तो स्वतः दिवसभर कोळशाच्या धुराखाली काम करून येतो आणि समुद्र वाचवणाऱ्या बायकोबरोबर जेवतो. आम्ही त्यावर भांडूनही झालो आहोत.

एका सुट्टीत मी घरी बांगडा आणला आणि आमच्या सावजी मसाल्यात रस्सा केला. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं भाजून वाटलं. घरभर ठसका. बाबांनी नाक पुसत दोनदा वाढून घेतला. मी डबा भरला आणि काही विचार न करता त्या हॉटेलात नेऊन दिला. मालकाने तिथेच उभ्याने खाल्ला. म्हणाला, "याच्यात अख्खं-तुकडा कोण पाहते?"

आता रविवारी त्याच्याकडे बांगड्याचा रस्सा मिळतो. खपतो. पापलेटही मिळतं, बहुतेक लहानच. मी दर वेळी विचारते, तो दर वेळी खरं सांगतो. मोठ्या मासळीची एक पेटी तो आता मागवतो, सगळ्या नाही. पाटी त्याने परत मागितली नाही आणि मी दिली नाही.

परवा मी किनाऱ्याकडे निघाले होते. बाबा स्टेशनवर पोचवायला आले, पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली.

"घरी एक हप्ता तरी टिकत जाय ना वं."

"टिकेन, बाबा."

"खोटं बोलून राहिली," ते म्हणाले, आणि माझ्या आधी डब्यात चढून जागा बघायला लागले.