दुसरा फ्यूज

न्यायालयातील पेशकाराच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी पत्रांखेरीज फारसे काही लिहिलेले नाही. एसटीने थांबा चुकवला तर पत्र, नाली तुंबली तर पत्र. प्रत्येकाची पोच फाईलला लावलेली आहे. एक पत्र मात्र लिहावयाचे राहिले, कारण त्यात आरोपी मी स्वतः होतो.

मी हौशी रेडिओचा परवानाधारक आहे. सरकारी परवान्याने, घरी बसून, बिनतारी संचावरून दूरच्या अनोळखी माणसांशी बोलण्याचा हा छंद. गंगाखेडच्या माझ्या घराच्या गच्चीवर चाळीस फुटी लोखंडी मनोरा आहे. त्याच्या शेंड्यावर अँटेना, आणि तिची केबल मनोऱ्याला धरून खाली माझ्या खोलीत येते. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या खत-बियाण्यांच्या दुकानदाराने मला वकिलामार्फत नोटीस धाडली: सदर केबल वरच्या बाजूस सुटलेली असून वाऱ्याने लोखंडावर आपटते, पंधरा दिवसांत बांधावी, अन्यथा दावा दाखल करण्यात येईल.

मी सात पानी उत्तर दिले. त्यात परवान्याच्या अटी होत्या, मनोऱ्याची उंची होती, त्याच्या दुकानासमोर रस्ता अडवून लागणारे ट्रॅक्टर होते. केबल सुटली आहे की नाही, एवढेच त्यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीवरून डोकावला. "काका, तुमची सात पानं वाचून माझ्या वकिलाला चष्म्याचा नंबर बदलायची पाळी आली. लेकरं झोपत न्हाईत हो. ते ठकठक, ठकठक करायलंय. तेवढी वायर बांधा की."

"बांधीन. कायद्याने जे करावे लागेल ते करीन."

"कायद्यानं नका बांधू. दोरीनं बांधा!"

मी संतापून आत आलो. संताप त्याच्यावर नव्हता. ती ठकठक मी त्याच्याआधी कितीतरी वर्षे ऐकत होतो, आणि ती केबल कोणी अर्धवट सोडली व कोणामुळे, हे मला ठाऊक होते.

सोनपेठचा माझा मित्र ट्रान्झिस्टर दुरुस्त करीत असे. दर वर्षी वळवाच्या आधी तो एसटीने येई, गळ्यातले इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारी, कंबरेला पट्टा बांधी आणि मनोऱ्यावर चढे. केबल तो सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधी, दर हातभर अंतरावर एक. फार आवळत नसे. "पेशकारसाब, हिला श्वास घेऊ द्या. ही काही तुमची मुद्देमालाची पिशवी न्हाई," असे वरून ओरडे.

आमचे दोन नियम होते. चढण्यापूर्वी तो संचाचा फ्यूज काढून आपल्या खिशात घाली. माणूस वर असताना संच चालू झाला तर अँटेनाची तार त्याचा हात भाजून काढते. फ्यूजच वर गेला की खालच्या माणसाला चूक करणेच अशक्य. दुसरा नियम ठोक्यांचा. वाऱ्यात हाक पोहोचत नाही, म्हणून गच्चीवर उतरला की तो पकडीने लोखंडावर तीन ठोके देई. मग खाली येऊन फ्यूज माझ्या हातात ठेवी.

नियम मी लिहून काढून भिंतीला लावले होते. त्यांच्या खालीच, टेबलाच्या खणात, माझ्याजवळ दुसरा फ्यूज होता.

एके वर्षी, तो मनोऱ्यावर चढला त्या दिवशी, सकाळी सात वाजता मला एका परगावच्या परवानाधारकाला संचावर गाठावयाचे होते. तो दुसऱ्यांचे बोलणे तोडून मध्येच बोलत असे, आणि नियमभंगाबद्दल त्याला खडसवायचे मी ठरवले होते. सातला दोन मिनिटे उरली असता तीन ठोके ऐकू आले. मित्र जिना उतरेपर्यंत थांबावयाचे. मी थांबलो नाही. खणातला फ्यूज बसवला आणि बटण दाबून बोलू लागलो.

ते ठोके पकडीचे नव्हते. जी केबल बांधण्यासाठी तो वर गेला होता, तीच वाऱ्याने आपटली होती.

तो पट्ट्यावर लोंबकळला, सावरला आणि एका हाताने उतरला. डाव्या तळव्यावर एक पांढरा खड्डा पडला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग संचाकडे. खिशातला फ्यूज काढून त्याने टेबलावर ठेवला. "तुमचा कायदा लय गरम हाय, पेशकारसाब," इतकेच बोलला. घरी त्याने सांगितले की सोल्डरिंगची तापलेली सळई लागली. केबलचा वरचा भाग तसाच राहिला. त्यानंतर तो चढला नाही.

पुढल्या वर्षी तो काविळीने गेला. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली. डाव्या तळहातावर त्याचे इष्टलिंग ठेवले, तेव्हा मी खड्ड्याच्या कडेला उभा होतो. तो पांढरा डाग लिंगाखाली झाकला गेला. मला वाटले, पुरावा नष्ट झाला. असा विचार त्या जागी मला सुचला, हे मी विसरलेलो नाही.

पश्चिमेचा वारा सुटला की ठोके येत. कधी दोन, कधी पाच. तीन आले की माझी नजर दाराकडे जाई, कारण तीन ठोक्यांनंतर माणूस खाली येतो, असा आमचा नियम होता.

नोटिशीच्या चौदाव्या दिवशी मी मित्राच्या मुलीला फोन केला. ती मोबाईलच्या मनोऱ्यांवर देखभालीचे काम करते. सकाळच्या गाडीने आली, शिरस्त्राण घातले, आणि माझ्यापुढे हात पसरला.

"फ्यूज द्या, काका."

मी संचातला फ्यूज काढून दिला. हात तसाच पसरलेला राहिला.

"दुसरा पण."

मी खण उघडला. फ्यूज तिच्या हातावर ठेवताना तो फरशीवर घरंगळला. तिनेच उचलला.

"त्यानं सांगितलं होतं?" मी विचारले.

"अप्पांनी मला चढायला शिकवलं," ती म्हणाली. "काय विचारायचं, ते पण शिकवलं."

ती वर गेली. अप्पांच्या ज्या पट्ट्या अजून टिकल्या होत्या, त्या तिने काढल्या नाहीत. वरच्या भागात तेवढ्या नव्या बांधल्या. मी संचाजवळ बसलो नाही, गच्चीवर मान वर करून उभा राहिलो. उतरल्यावर तिने लोखंडावर पकडीने तीन ठोके दिले. मी समोरच उभा होतो, तरी दिले.

त्या दुपारी मी शेजाऱ्याला एका ओळीचे पत्र दिले: आपली तक्रार खरी होती. दुसरे, लांब पत्र तिच्या आईला लिहिले आणि स्वतः सोनपेठला नेऊन दिले. त्याची पोच मी मागितली नाही.

आता वारा सुटला तरी मनोरा गप्प असतो. मी मात्र अजून दाराकडे पाहतो.

जाताना मुलीने टेबलावर एकच फ्यूज ठेवला होता. दुसरा तिच्या खिशातच राहिला.