अंगठ्यावरची आडवी रेघ

बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून एकोणतीस वर्षं काढलेल्या मावशीचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता, आणि फाइल घेऊन येणाऱ्या माणसांवर तर मुळीच नव्हता. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. निवृत्त झाल्यावरही कडी वाजली की आधी पडद्याआडून बघायचं आणि मगच दार उघडायचं, अशी तिची रीत.

त्या दुपारी बाहेर दोघी उभ्या होत्या. एक चष्मेवाली, फाइल छातीशी धरलेली. दुसरीला पाहून मात्र मावशीच्या मनात पाल चुकचुकली. बाजाराच्या कोपऱ्यावर मशीन घेऊन बसणारी शिवणवाली होती ती. बावीस वर्षांपूर्वी मावशीच्याच वॉर्डात बाळंत झालेली. बाळ दोन दिवसांत गेलं. पुढे दिवस राहीनात म्हणून बिचारीने दवाखान्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा सहा वर्षांनी एका डॉक्टरने सांगितलं, बाई, तुमचं मूल न होण्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"चहा ठेवू का, आई?" दोघी आत येऊन बसल्यावर सुनेने विचारलं.

"आधी कशाला आल्यात ते तर कळू दे."

चष्मेवाली गोड बोलायला लागली, आणि मावशी आणखीच सावध झाली. विद्यापीठ आणि न विचारता ऑपरेशन झालेल्या बायका मिळून एक अभ्यास करताहेत म्हणे. प्रश्न बायकांनीच ठरवलेत, ही शिवणवालीही अभ्यासकच. नवे नियम करणाऱ्या सरकारी समितीकडे अहवाल जाणार.

"आणि पुढच्या महिन्यात त्याच समितीपुढे माझ्या तक्रारीची सुनावणी आहे," शिवणवाली म्हणाली. "समिती म्हणते, संमतीच्या कागदावर अंगठा आहे, म्हणजे तुम्ही हो म्हणालात. मावशी, मी शुद्धीवर तरी होते का?"

मावशीने उजवा अंगठा मुठीत दडवला.

त्या अंगठ्यावर आडवी रेघ होती. इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना खोल कापलं होतं, ते कधी नीट भरलंच नाही. वॉर्डात एखादीचा कागद अपुरा राहिला, बाई बेशुद्ध असली किंवा नको नको म्हणत रडत असली, की मोठ्या सिस्टर हाक मारायच्या, "मावशी, ये गं, तेवढा अंगठा दे." तेव्हा तिला वाचता येत नव्हतं, ते ती पुढे शिकली. कागद कसला ते दुसऱ्या वर्षी कळलं. आणि कळल्यावरही ती अंगठा देत राहिली, कारण नोकरी कच्ची होती. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"माझ्याकडेच का आलात?" तिने विचारलं. कुठेतरी पाणी मुरतंय, याची तिला खात्री होती.

"तेव्हाच्या कुणी भेटतच नाहीत. कागद कोण भरायचं, बायकांना वाचून दाखवायचे का, एवढंच विचारायचंय."

"मला काय ठाऊक! मी बेडपॅन उचलायची." मावशीने सरळ कानांवर हात ठेवले.

शिवणवालीने कागदाची झेरॉक्स पुढे सरकवली. खाली काळा ठसा, त्यात आडवी पांढरी रेघ. मावशीने मूठ आणखी घट्ट आवळली. या दोघी सगळं ओळखून आल्या आहेत, नुसता खेळ चाललाय! तिने खडा टाकून पाहिला.

"ही रेघ कसली गं?"

"कागदाची घडी असेल," चष्मेवाली म्हणाली.

शिवणवालीने स्वतःचे अंगठे दाखवले. सुईने, कापडाने पार गुळगुळीत झालेले. "तज्ज्ञ म्हणाला, तुमचा ठसाच उमटत नाही, जुळवू कशाशी? आता हा माझा नाही म्हणून मी कितीही ओरडले तरी काय उपयोग?"

म्हणजे यांना काहीच माहीत नव्हतं. गप्प बसलं की सुटका होती.

चष्मेवालीने नवा कागद काढला. मावशीच्या मुलाखतीचं संमतीपत्र. सून मागून कुजबुजली, "आई, कशावर सही करू नका हं, पोलीस येतील दारात." मावशीलाही तेच वाटत होतं. तिने तो कागद दोनदा वाचून घेतला. मध्येच थांबता येईल, नाही म्हटलं तरी चालेल, असं त्यात लिहिलं होतं. नाही म्हटलं तरी चालेल! एकोणतीस वर्षांत त्या वॉर्डात हे वाक्य कुणी कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"शाईचा पॅड आहे?"

"पण तुम्हाला सही येते ना?"

"येते. तू पॅड काढ."

मावशीने मूठ उघडली, अंगठा दाबून उमटवला आणि कागद झेरॉक्सच्या शेजारी ठेवला.

"घडी नाही ती," ती म्हणाली.

शिवणवाली एकदा या ठशाकडे, एकदा त्या ठशाकडे बघत राहिली. मावशी शिव्यांची वाट पाहत होती. त्या आल्या नाहीत, आणि माफीही आली नाही.

"आणखी कुणाकुणाच्या कागदावर?" शिवणवालीने विचारलं.

चष्मेवालीने घाईघाईने पेन उघडलं. मावशीने तिचा हात बाजूला सारला.

"सांगते," ती शिवणवालीला म्हणाली. "पण तू लिही."