पुढे ढकललेली मॅच

मी फुटबॉल क्लबची सेक्रेटरी कशी झाले, याचं उत्तर अगदी साधं आहे. वार्षिक सभेत मी तोंड उघडलं. मुलगी मुलींच्या टीममध्ये खेळायची म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसले होते, आणि मॅच कुठे आहे हे पालकांना आदल्या संध्याकाळपर्यंत का कळत नाही, एवढंच विचारलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, कुणीतरी "ग्रँड!", म्हणजे झकास, म्हणालं, टाळ्या वाजल्या आणि मी सेक्रेटरी. इथे जो प्रश्न विचारतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

क्लब म्हणजे काय, तर क्लोनडॉकिन या आयरिश उपनगराच्या कडेला कौन्सिलचं एक मैदान आणि दोन जुने कंटेनर. एकात कपडे बदलायचे, दुसऱ्यात चहा. शनिवारी सकाळी छोटी पोरं, मग मुली, मग रिटायर झालेले आजोबा, जे फुटबॉल चालत चालत खेळतात आणि भांडतात मात्र धावत्या खेळाडूंसारखे. या देशात नुकताच आलेला, कुणालाच न ओळखणारा माणूसही बूट घेऊन आला तर त्याला कुठल्या ना कुठल्या टीममध्ये घ्यायचंच, असा आमचा नियम. पुरुषांची टीम सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं सुखाने पडून होती. त्या वर्षी ती अचानक जिंकायला लागली आणि माझी झोप उडाली.

मुळात मी काळजीखोर. ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्ट करते, म्हणजे काय काय बिघडू शकेल याची कल्पना करण्याचाच मला पगार मिळतो. आता तेच मी शनिवार-रविवारी फुकट करू लागले. नवरा म्हणायचा, "खेळता येत नाही, ऑफसाइड कळत नाही, पैसे मिळत नाहीत, आणि बीपी मात्र तुझं वाढतंय." बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे मी जास्तच चिडायचे.

शेवटची मॅच उरली तेव्हा हिशेब सरळ होता. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये. हरलो तर तिथेच. आणि हे सगळ्यात जास्त हवं होतं ते आमच्या कॅप्टनला. सात वर्षांचा असताना तो या मैदानावर आला, आता चाळिशीला टेकलाय. मोठ्या क्लबांनी बोलावलं तेव्हा गेला नाही. एक गुडघा पट्ट्यांवर चालतो. आजवर एकही मेडल नाही की कप नाही. ही आपली शेवटची मॅच, असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तो मैदानावरून रिकाम्या हाताने जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

दुसरी काळजी गोलकीपरची. तो नागपूरचा डॉक्टर, इथल्या एका हॉस्पिटलात. त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि तो मंगळवारी निघणार होता. मॅच रविवारी. म्हणजे जमत होतं. दुसरा गोलकीपर आमच्याकडे नव्हताच.

शुक्रवारी दुपारी समोरच्या क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. त्यांचा एक म्हातारा आदल्या रात्री गेला होता. मैदान सांभाळणं, जाळ्या लावणं, पोरांना ओरडणं, अशी कामं करणारा त्यांचा माणूस. दफन सोमवारी, शनिवार-रविवार लोक घरी दर्शनाला येणार, आणि टीममधले निम्मे त्याचे मुलगे आणि पुतणे. मॅच पुढे ढकलता येईल का? लीगकडे एकच मोकळा दिवस होता, पुढच्या आठवड्यातला गुरुवार.

गेलेला माणूस खेळाडू असता तर मॅच आपोआप पुढे गेली असती. तो खेळाडू नव्हता म्हणून आमचा होकार लागणार होता. आम्ही नाही म्हटलं आणि ते आले नाहीत, तर न खेळताच आम्ही विजयी. म्हणजे वर. मी म्हटलं, "फार वाईट झालं," आणि लगेच म्हटलं, "उद्या कळवते." फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला, पण मी पुन्हा फोन केला नाही.

आधी डॉक्टरला विचारलं. "ताई, तिकीट बदलवता येते, लग्न कसं बदलवू?" तो म्हणाला. "मी सख्खा भाऊ आहो. नवरदेवाचा कान काय व्हिडिओ कॉलवर पिळू?"

मग कॅप्टनला. तो म्हणाला, "आपला होकार लागतो ना? मग देऊ नकोस."

"माणूस गेलाय रे."

"माहितीये मला. मी बारा वर्षांचा होतो तेव्हापासून तो मला लाइनवर उभं राहून शिव्या घालायचा. मला वाईट वाटतंय. पण होकार देऊ नकोस."

मॅनेजर बस चालवतो आणि बोलतो कमी. तो म्हणाला, "सेक्रेटरी तू आहेस." एवढा सज्जन माणूस, पण त्या क्षणी त्याच्या बसखाली त्यालाच ढकलावंसं वाटलं. घरी मुलीला सांगितलं तर ती तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "मॅम, देअर्स अ मॅन डेड, लाइक." तिच्या लेखी विषय तिथेच संपला. विषय संपवायला तिचं काय जात होतं!

शनिवारी संध्याकाळी मॅनेजर म्हणाला, "भेटायला तरी जाऊन येऊ." तोवर मी काहीही कळवलं नव्हतं. मी सवयीने पांढरा कुर्ता घालून निघाले. तिथे पोचल्यावर पाहिलं तर गेटपासून रस्त्यापर्यंत रांग आणि झाडून सगळे काळ्या कपड्यांत. मी मधोमध पांढरी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बरं, मला तोंड लपवायचं होतं ते काही फक्त कुर्त्यामुळे नव्हे.

पुढच्या खोलीत पेटी उघडी. म्हाताऱ्याच्या अंगात क्लबचं जॅकेट. शेजारी त्याची बायको प्रत्येकाचा हात हातात घेत होती. मॅनेजरने गाडीत शिकवलेलं वाक्य मी म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू पलीकडच्या क्लबची ना? सेक्रेटरी?"

मी मान हलवली. आता ही मॅचबद्दल विचारणार, आणि मी या पेटीसमोर उभी राहून काय सांगणार? तिने विचारलंच नाही.

"गुरुवारी तुमच्या मॅचसाठी पांढऱ्या लाइन आखत होता," ती म्हणाली. "सगळं मैदान. मॅच मोठी आहे म्हणाला, आधीच करून ठेवतो. घरी आला, चहा मागितला, आणि मी आणेपर्यंत..." तिने माझा हात थोपटला. जणू तीच माझं सांत्वन करत होती. "सँडविच खाल्ल्याशिवाय जायचं नाही हं."

आपल्याकडे सुतकाच्या घरात कुणी पाणीही घेत नाही. मी अंड्याचं सँडविच हातात धरून मागच्या अंगणात गेले, ते सगळं खाल्लं आणि त्यांच्या सेक्रेटरीला मेसेज केला: गुरुवारी खेळू. मग कॅप्टनला कळवलं. त्याने मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसात स्क्रीनकडे बघत मी मनात गोल खात होते. डॉक्टर गेला. गोलमध्ये कोण उभं राहणार, यावर मॅनेजरला कॅप्टनचाच निरोप आला: मी राहीन, गुडघ्याला धावणं झेपत नाहीच. मला मात्र त्याने काही कळवलं नाही.

गुरुवारी त्यांच्या मैदानावर पोचलो तर गवत वाढलेलं आणि म्हाताऱ्याने आखलेल्या लाइन पुसट. त्यांच्यापैकी कुणीही त्यावर नवीन रंग मारला नव्हता. रेफरी कुरकुरला. त्यांचा सेक्रेटरी म्हणाला, "दिसतायत की." आमच्या कॅप्टननेही पाहिलं आणि म्हणाला, "दिसतायत." मॅच सुरू झाली.

कॅप्टन उत्तम खेळला, हे मला ऑफसाइड कळत नसूनही सांगता येतं. एक-एक अशी बरोबरी होती. नागपुरात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी हळदीच्या अंगाने डॉक्टर मेसेजवर मेसेज पाठवत होता, "ताई, स्कोअर?" मी नखं कुरतडत एका हाताने उत्तरं देत होते. ही रचलेली गोष्ट असती तर म्हाताऱ्याच्या मुलाने गोल केला असता. त्याला पायात गोळे आले म्हणून अर्ध्यातच बाहेर बसवलं होतं. जिंकवणारा गोल केला तो बदली आलेल्या एका पोराने, ज्याचं नाव त्यांच्याच माणसांना आठवत नव्हतं. अगदी शेवटी कॉर्नर आला, कॅप्टन पुढे झेपावला, गुडघा मुडपला, चेंडू त्याच्या अंगाखालून गेला. फार हळू गेला. मी तो जाताना पाहत होते.

हरलो. वर जाणं संपलं. त्यांनी चहा-सँडविच मांडले होते. आमची पोरं मुकाट्याने खात होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. कॅप्टन सगळ्यात शेवटी बाहेर आला. मी गाडीपाशी उभी होते. काय बोलायचं ते चार वेळा मनात घोळवलं होतं, पण नेमकं आठवेना.

"मी नाही म्हणायला हवं होतं," मी म्हटलं.

"नाही म्हटलं असतंस तर मी आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं असतं की आपण वर गेलो," तो म्हणाला. "कसे गेलो, ते सांगितलं नसतं." मग तो गाडीची डिकी उघडून बॅग आत ढकलत म्हणाला, "मी गेलो ना, की माझ्यासाठी एक मॅच पुढे ढकलायची. हलकीसलकी नको. महत्त्वाची."

"ढकलेन," मी म्हटलं.

"आणि तू गेलीस की तुझ्यासाठी."

कोण कुणाला गाडीतून सोडणार ते ठरवावं, तशा सुरात तो हे म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

ल्यूकनला घरी येईपर्यंत माझे डोळे वाहत होते. आम्ही इथे घर घेतलं, पासपोर्ट घेतले. तिकडे कुणी गेलं की मोबाइलच्या पडद्यावर हात जोडतो. पण आमच्यातलं कुणी इथे गेलं तर दारात कोण येईल, खांदा कोण देईल, हा विषय इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी जिभेवर येऊ दिला नव्हता.

नवरा कपबशा पुसून प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लावत होता. "हरलात?" त्याने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं. मी हो म्हटलं, आणि कॅप्टन काय म्हणाला तेही सांगितलं.

"भरल्या घरात काहीतरी अभद्र बोलू नकोस," तो म्हणाला आणि पुन्हा कपबशांकडे वळला. एक कप त्याने बराच वेळ पुसला.

"खरंच करतील का गं?"

"करतील," मी म्हटलं.