ताण सोडलेले रीळ

हनीफ परकार गेल्याचे मला पत्राने कळले. उभे आयुष्य मी इतरांची पत्रे आणि अर्ज लिहिण्यात घालवले. मला स्वतःला आलेली पत्रे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे पोस्टमनने निळे पाकीट हाती दिले तेव्हा ते कुणाचे तरी वाचून द्यायचे असेल, अशीच माझी समजूत झाली. कुवेतच्या जाब्रिया भागातील ज्या रुग्णालयात हनीफभाई यंत्रदुरुस्तीचे काम करीत, तेथील एका मराठी परिचारिकेचे ते पत्र होते. युद्ध थांबण्याच्या थोडे आधी, कामावर असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला, खुर्चीवर बसले आणि पुन्हा उठले नाहीत... तिकडचे व्यवहार सुरू होऊन पत्र पोहोचेपर्यंत बरेच दिवस उलटले होते. शेवटी त्या बाईंनी लिहिले होते, “भाभींना तुम्हीच सांगाल ना? तुम्हाला शब्द सापडतात.” या एका वाक्याने मी जितका खचलो, तितका त्या वार्तेनेही खचलो नव्हतो. कारण हनीफभाई कुवेतमध्ये मागे राहिले ते माझ्याच हातच्या शब्दांनी, आणि त्यांच्या पत्नीला, सकीनाभाभींना, याची कल्पना नाही, असे मी तोवर समजत होतो.

माझे शालेय शिक्षण आठव्या इयत्तेत थांबले. परंतु रत्नागिरीच्या कचेरीबाहेर आणि पुढे कुवेतच्या अर्दियात, मोटारदुरुस्तीच्या गाळ्यांमागे माझे टेबल होते, तेथे चांगले पदवीधरही मजकुरासाठी माझ्याकडे येत. हिंदी आणि इंग्रजी मजकूर माझा. अरबी हवा असल्यास शेजारचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, टंकलेखक तो उतरवून देई. “तुमचा अर्ज फेटाळला गेलाय असं कधी ऐकलं नाही,” असे लोक म्हणत, आणि मी ते नाकारीत नसे. हनीफभाई प्रथम आले ते रजेचा अर्ज लिहून घेण्यासाठी. मी दोन पृष्ठांचा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, “मुन्शी, यात रजा कुठं हाय?” मी दुसऱ्या पृष्ठावरील ओळ दाखवली. “बरी लपवलीत,” ते म्हणाले. “साहेबाला गवसली म्हणजे मिळवली.” रजा मंजूर झाली, आणि पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला मासे गरवायला नेले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘मुन्शी’ झालो तो कायमचा.

गरवणे म्हणजे बांबूची काठी, दोरी आणि गरीला कोळंबी, एवढेच मला आमच्या खाडीवरून ठाऊक होते. हनीफभाईंजवळ एक निराळीच वस्तू होती. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी डॉक्टरने, त्यातली मोडलेली कमान, म्हणजे स्प्रिंग, त्यांनी बसवून दिली म्हणून, आपले दोरी गुंडाळायचे रीळ त्यांनाच देऊन टाकले होते. हिरवट रंगाची, तळहातावर मावेल अशी ती जाड चकती. “याला मूठ कुठं हाय ती दाखवा,” असे म्हणून त्यांनी ती माझ्या हाती दिली. मी उलटसुलट करून पाहिली, मूठ नव्हतीच. आत पोलादी पट्टीची गुंडाळलेली कमान असते. दोरी बाहेर ओढावी तसतसा कमानीला ताण बसतो, आणि करंगळीने खालची कळ दाबताच सैल पडलेली सगळी दोरी सर्रकन् आत जाते. माणसाने फिरवायचे काहीच नाही. एक हात काठीवर, दुसरा दोरीवर. पायात गुंता होत नाही. गरीला कोळंबी नव्हे, तर कबुतराचे पीस शिवणाच्या दोऱ्याने बांधून केलेली खोटी माशी. खडकांमधल्या उथळ पाण्यात ती अलगद पडे, आणि पंजाएवढे चपटे, रुपेरी मासे तिच्यावर झडप घालीत. तेथील लोक त्यांना शीम म्हणत. हनीफभाई म्हणत, “तव्यातले”. तव्यात शेपटीसकट अख्खा मावेल तेवढाच मासा ठेवायचा, हा त्यांचा नियम होता.

एकदा त्यांच्या माशीला काही तरी मोठे लागले. काठी धनुष्यासारखी वाकली, दोरी शेवटापर्यंत खेचली गेली आणि रीळ जाम होऊन थांबले. मी ओरडलो, “सोडू नका! सोडू नका!” त्यांनी खिशातून चाकू काढला आणि दोरी कापून टाकली. माझा जीव हळहळला. “ह्या रिळात मोठ्याला रोखायची ताकद नाय, मुन्शी,” ते म्हणाले. “कमान तुटली तर ल्हानगेपण गेले.” वर मला डिवचायलाही ते विसरले नाहीत. “तुमी असता तर त्याला दोन पानांचा अर्ज दिला असतात.”

दुपारी त्यांच्या जाब्रियातील खोलीत सकीनाभाभी मोरीत मासे साफ करीत, आणि हनीफभाई जमिनीवर बसून रीळ गोड्या पाण्याने धूत, पुशीत, तेल देत. मग ते कमानीचा ताण हळूहळू उतरवीत. पुढच्या शुक्रवारी जायचे असेल तर कमानीचे दोन फेरे तेवढे ठेवीत. कळ दाबली की रीळ हातात किंचित थरथरे. वार्षिक रजेवर गावी निघताना मात्र ते सगळा ताण सोडीत. कळ दाबली तरी काहीच हलत नसे. मग ते फ्लॅनेलच्या फडक्यात बांधून कपाटात ठेवीत. “लांबच्या मुदतीला ताण ठेवला की पोलाद थकतं,” असे त्यांचे म्हणणे. भाभी मोरीतून म्हणत, “माझी बॅग भरायच्या आधी याची तयारी. बघा मुन्शीभाई, सवत कशी सांभाळतात ती!” या हसण्याखिदळण्याकडे मी तेव्हा करमणूक म्हणूनच पाहिले. रिळाचा ताण ही एक खूण होती, आणि ती फक्त नवराबायकोला वाचता येत होती, हे मला फार उशिरा समजले.

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि पुढे जे घडले ते वाचकांना ठाऊक आहे. आमच्यापुरते सांगायचे तर पहिल्या काही आठवड्यांतच किनाऱ्यावर काटेरी तारा आल्या आणि शुक्रवार संपले. रीळ कपाटात गेले; ‘शुक्रवार परत येतील’ म्हणून हनीफभाईंनी त्यात दोन फेरे मात्र ठेवले. जवळच्या एका शाळेत आपल्याकडील काही मंडळींनी टेबले मांडून बाहेर पडणाऱ्यांच्या याद्या सुरू केल्या. हनीफभाई आणि भाभी यांची नावे माझ्याच बसच्या यादीत लागली. त्याच दुपारी हनीफभाई माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा मला कधी नव्हे इतका थकलेला दिसला.

“एक अर्ज लिवा. सकीनाची जागा राहू दे, माझी रद्द करा.”

मी लेखणी खाली ठेवली. ते सांगत गेले. ज्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आहे त्यांचे रक्त शुद्ध करणारी तीन यंत्रे चालू होती. बाकीचे दुरुस्तीवाले निघून गेले होते. यंत्र बंद पडले तर त्यावरचा माणूस आठवडाही काढणार नाही. यादीवरच्या गृहस्थांनी त्यांना तोंडी नकार दिला होता. नवराबायकोला एकत्रच पाठवायचे, असा त्यांचा दंडक होता.

“भाभींना सांगितलंत?” मी विचारले.

“सांगितलं तर ती चढंल का बसमध्ये?... तुमी पण बोलायचं नाय. अर्जातलं अर्जात.”

अर्जदाराची गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझ्या व्यवसायाचे ब्रीद मीच त्यांना अनेकदा ऐकवले होते. ते आता माझ्यावरच उलटले. त्यांना दोन ओळी हव्या होत्या. मी दोन ओळीच लिहायला हव्या होत्या. तेवढ्याने ते गृहस्थ बधले नसते. पण लेखणी हाती आली की मला आवरत नाही. त्या यंत्रांवर पडून राहिलेल्या माणसांविषयी मी असा एक परिच्छेद लिहिला की, वाचताना त्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. अर्ज तत्काळ मंजूर झाला. माझ्या आयुष्यातील तो सर्वांत उत्तम अर्ज होय, हे मी आजही लाजत लाजत मान्य करतो.

बस निघायच्या सकाळी हनीफभाई भाभींना म्हणाले, “जागा कमी पडली. मी पुढच्या बसला येतो.” भाभींनी माझ्याकडे पाहिले. मी सामान मोजत असल्याचे दाखवले. बस हलता हलता हनीफभाईंनी खिडकीतून फ्लॅनेलची पुरचुंडी आत दिली. “हे घेऊन जा. इथं गंजंल.” भाभी रागावल्या होत्या. “पुढच्या बसला येता ना, मग तुमीच आणा की!” ते हसले फक्त... बस वळेपर्यंत ते हात वर करून उभे होते. मी भाभींच्या मागच्या आसनावर होतो. बगदाद, अम्मान, मुंबई. इतक्या दीर्घ प्रवासात मी त्यांना पाणी दिले, खबूसची रोटी दिली, रांगेत त्यांचा पासपोर्ट सांभाळला. जी खबर द्यायला हवी होती तेवढी मात्र दिली नाही.

परिचारिकेचे पत्र खिशात घालून मी खाडीकाठच्या त्यांच्या गावी गेलो. वाटेत मी मनात चार मसुदे रचले. भाभींनी दार उघडले, माझा चेहरा पाहिला, आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. एकही मसुदा लागला नाही. बराच वेळ त्या रडत होत्या, आणि मी त्यांच्या समोर अंगणात उभा होतो. मग, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही अशा भीतीने, मी त्या अर्जाचे सर्व सांगून टाकले. नावे ठेवतील, हाकलून देतील, याची मी तयारी ठेवली होती.

“मला ठाव होतं,” त्या म्हणाल्या.

“कसं?” मी विचारले.

“बसऱ्याला बस थांबली तवा फडकं सोडलं. कळ दाबून बघितली. काय पण हललं नाय. सगळा ताण सोडून दिला होता त्यांनी... पुढच्या बसला येणारा माणूस दोन फेरे ठेवतो, मुन्शीभाई.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “पण तवा बस सरहद्दीच्या पार गेली होती. परतायचं कसं? मला वाटलं, मागं बसलेल्या माणसाला ठाव असंल. तो बोलंल. अम्मानपर्यंत वाट बघितली मी.”

यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आले असते; तक्रारींची उत्तरे लिहिण्यात माझी हयात गेली. त्यांनीच मला आत बोलावले आणि चहा ठेवला.

माजघरात कपबशांच्या फळीवर ते हिरवट रीळ होते. फ्लॅनेल खाली नीट घडी करून अंथरले होते. चहा उकळेपर्यंत मी ते हाती घेतले, आणि सवयीने करंगळी कळीवर गेली. रीळ माझ्या हातात किंचित थरथरले.

मी दचकून भाभींकडे पाहिले. त्या कपात चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दर शुक्रवारी धुते, पुसते. मग दोन फेरे देऊन ठेवते.”

मी ते जसे होते तसे फळीवर ठेवले.