एका अंगावर कलून

दोन वर्षं मी निपाणीला आईकडे गेले नव्हते, आणि कारण सांगायची सोय नव्हती. बंगळुरूहून निपाणी म्हणजे बसनं नऊ-दहा तास, आणि मला खुर्चीत वीस मिनिटं बसवत नव्हतं. माकडहाडाच्या पुढं, अगदी तळाशी, कुणी मूठ आवळून धरल्यासारखं दुखायचं. ही जागा आईला फोनवर कशी सांगणार? आमच्या घरात तिला नावच नव्हतं, नुसतं 'खाली'. मी म्हणायचे, सुट्टी नाही. आई म्हणायची, "होय की, मोठ्या गावातली माणसं तुम्ही." मग दोन दिवस फोन उचलायची नाही.

सगळ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. जो तो म्हणे, नॉर्मल आहे. माझं डोकंच फिरायचं. नॉर्मल असतं तर मी ऑफिसातल्या मीटिंगला भिंतीला टेकून उभी कशाला राहिले असते?

त्यातच आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. खालचे स्नायू आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा. मी कामाची पक्की. एचएसआर लेआउटमधल्या घरापासून बेळ्ळंदूरच्या ऑफिसपर्यंत प्रत्येक सिग्नलला, कॅबच्या मागच्या सीटवर एका अंगावर कलून, मी आवळून धरायचे. त्या रस्त्याला सिग्नलची कमी नाही. आठ महिने एक दिवस चुकवला नाही, आणि दुखणं वाढतच गेलं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी इंदिरानगरातल्या फिजिओथेरपिस्टकडं धाडलं. ह्या दुखण्यालाही फिजिओथेरपी असते हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं गुडघे, खांदे, फार तर मान. थेरपिस्ट माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कन्नड बोलणारी पोरगी. तिनं आधी मला नुसतं बसायला सांगितलं आणि बघत राहिली.

"अक्का, तुम्ही एका बाजूवर बसता."

"आमच्यात असंच बसतात," मी फटकन म्हणाले. "माझी आईपण अशीच बसते."

तिनं काहीतरी लिहून घेतलं. मग मी मोठ्या तोऱ्यात माझा आठ महिन्यांचा व्यायाम सांगितला. तिनं पेन खाली ठेवलं. कपाटातून कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा काढला आणि तळाशी बांधलेली स्नायूंची झोळी दाखवली. म्हणाली, तुमची झोळी सैल पडलेली नाही, ती आवळून आवळून दमली आहे, आणि तुम्ही तिला रोज आणखी आवळताय. मला इतका संताप आला की तो व्हिडिओ पाठवणारीला तिथूनच फोन लावणार होते.

दुसऱ्या खेपेला, मला विचारून, काय करणार ते नीट सांगून, हातमोजा घालून तिनं एका बोटानं आतला तो स्नायू हलकेच दाबला. "हेच का?"

हेच. तीच मूठ. मला रडू आलं, दुखलं म्हणून नव्हे. दोन वर्षं यंत्रांना जे दिसलं नव्हतं ते ह्या पोरीच्या बोटाला सापडलं होतं. म्हणजे ते खरंच होतं, माझ्या मनाचे खेळ नव्हते.

"बिडी अक्का," ती म्हणाली, "स्वल्प बिडी." थोडं सोडा. आणि मला सोडता येईना. बेचाळीस वर्षांच्या बाईला, जिला घर, ऑफिस, दोन भाषांतली भांडणं सगळं जमतं, तिला स्वतःच्या अंगातला बोटभर स्नायू सैल सोडायला येईना. पोट आत घे, पाय जवळ घे, घरी जाईपर्यंत धरून ठेव, हे सगळं मला कुणी ना कुणी शिकवलं होतं. सोडायला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात चटईवर पडून, पाय खुर्चीवर टाकून श्वास घेत होते. श्वास पोटात उतरला, आणखी खाली गेला, आणि तळ आपोआप खाली सरकला. मी काहीच केलं नव्हतं. मी थक्क होऊन तशीच पडून राहिले. हा स्नायू जन्मापासून प्रत्येक श्वासाबरोबर हलायला तयार होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मी पाऊण तास बसून जेवले.

महिन्याभरानं, न कळवता, आई दारात उभी. भांडायलाच आली होती. "तू येत न्हाईस, म्हटलं मीच जाते." मी चटईवर होते, श्वासाचा व्यायाम अर्धा सोडून उठले नाही. पडल्या पडल्याच तिला सगळं सांगून टाकलं. कुठं दुखतं, कसं, ते बोट, ती झोळी. लाजायचं बळच उरलं नव्हतं.

आई पिशवी ठेवून हळूच खाली टेकली, नेहमीसारखी एका अंगावर कलून, एक हात जमिनीवर रोवून. तिला असं बसलेलं मी जन्मभर बघत आले होते. मग म्हणाली, "ह्याला इलाज असतो होय?"

"कधीपासून, आई?"

"तू झालीस तेव्हापासनं."

ज्या दुखण्यापायी मी दोन वर्षं गेले नव्हते, तेच घेऊन ती दहा तास बसून आली होती. मी सरकून चटईवर जागा केली. ती आडवी झाली, मी तिचे पाय उचलून खुर्चीवर ठेवले आणि तिचा हात तिच्या पोटावर ठेवला.

"सोड, आई," मी म्हणाले. "थोडं सोड."

"कसं गं सोडायचं?" तिनं विचारलं.