कल्लूला गद्दार केलं तेव्हा

अकोल्याच्या जठारपेठेत धर्मपाल पेंटरसमोर एक नाव काढायची सोय नव्हती: जासूस अर्जनसिंग. काढलंत की तो ब्रश डब्यात आपटायचा आणि पुढचा अर्धा तास तुम्ही उभ्या उभ्या ऐकायचं. ऐकायलाच हवं होतं म्हणा, कारण गड्याचा राग खरा होता.

चौपन्न साली त्या नावाच्या सिनेमांचा पहिला भाग आला. थिएटरबाहेरचा बोर्ड धर्मपालनंच रंगवला, पुढच्या तीन भागांचेही त्यानंच. नावाला जासूस अर्जनसिंग, पण खबर आणायचा त्याचा जोडीदार, कल्लू झाडूवाला. झाडू घेऊन तो शत्रूच्या कोठीत शिरायचा. झाडणाऱ्याकडे बघतो कोण? लोक त्याच्यासमोर बिनधास्त बोलायचे आणि तिथंच फसायचे. धर्मपालची आई पंचफुलाबाई नगरपालिकेत रस्ते झाडायची. म्हणून हा पठ्ठ्या कल्लूला बोर्डावर अर्जनसिंगएवढाच उंच काढायचा. मॅनेजर गोवर्धनभाऊ कुरकुरायचे, पण खालच्या वर्गाची तिकिटं कल्लूमुळंच खपतात हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्रेसष्ट साली पाचवा भाग आला. रिवाज असा, की सिनेमा शुक्रवारी यायचा आणि त्याचे फोटो आठ दिवस आधी. पेंटरनं फोटो बघून बोर्ड रंगवायचा, गोष्ट त्याला कुणी सांगायचं नाही. एका फोटोत अर्जनसिंगचा हात कल्लूच्या खांद्यावर होता. धर्मपालला वाटलं, दोस्ती. त्यानं दोघांना खांद्याला खांदा लावून उभं केलं, आणि जन्मात सिनेमा न पाहिलेल्या आईला दुपारच्या पहिल्याच खेळाला नेऊन बसवलं. वस्तीतली पन्नासेक माणसंही त्याचा बोर्ड बघूनच आली.

तो हात दोस्तीचा नव्हता, अटकेचा होता. आता अर्जनसिंग सूटबूट घालून मोटार पळवत होता आणि कल्लू पैशासाठी देश विकत होता! चार भाग ज्यानं याच्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याला अर्जनसिंगनं भर चौकात गोळी घातली. वरच्या वर्गातून शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "दिसली औकात!" धर्मपालच्या अंगाचा तिळपापड झाला.

पंचफुलाबाईनं पदर सावरला. "धर्मा, त्यानं कोनाचं काय खाल्लं होतं रे? अन् तू आमाले हे पाहाले आनलं?"

धर्मपाल तडक बाहेर गेला, शिडी लावली आणि भर बाजाराच्या गर्दीत आपल्याच बोर्डावर पांढऱ्या रंगानं हातभर अक्षरं काढली: 'या खेळात कल्लूला गद्दार केलं आहे. हे खोटं आहे. धर्मपाल पेंटर.'

लोकांना लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं. कसचं काय! दुसऱ्या दिवसापासून गद्दार बघायला रांगा लागल्या. गोवर्धनभाऊंनी त्याची पाठ थोपटली आणि अमरावतीच्या बोर्डावरही हेच लिहून दे म्हणाले. त्यानं हात झटकला आणि महिनाभर थिएटरकडं फिरकला नाही.

पाचवा भाग धो धो चालला, मग काय, बनवणाऱ्यांना वाटच सापडली. दोन वर्षांनी सहावा आला. मोटारी, पिस्तुलं, परदेशातली हॉटेलं आणि एकटा अर्जनसिंग. गोवर्धनभाऊ स्वतः फोटोंचं पाकीट घेऊन धर्मपालच्या दारात आले.

"घे बाबा. आता तं तुयी तक्रारच मिटली. कल्लू याच्यात नाहीच. आता कायचं भांडण?"

धर्मपालनं पाकिटाला हात लावला नाही.

"भांडण तेच आहे, भाऊ. पयले त्याले बदनाम केलं, मंग मारलं, अन् आता तो होता हेच पुसून राह्यले. तेही माया हातानं. माय माही अजून रस्ते झाडते, भाऊ. तिच्या पोराले हे काम सांगाले आले तुमी?"